आधी उभा कारखाना मापा, मग ड्रॉइंग काढा: साखर कारखान्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे कार्यकारी संचालक आणि चीफ इंजिनिअर यांस,



गाळप संपले, बॉयलर थंड झाले आणि आपल्याकडे ऑफ सीझनची घाई सुरू झाली. मिलचे रोलर बाहेर निघतील, इव्हॅपोरेटरच्या ट्यूब साफ होतील, पंप उघडले जातील. या दरवर्षीच्या कामांत आपल्या माणसांचा हातखंडा आहे, त्याबद्दल मला काही सांगायचे नाही. मला लिहायचे आहे ते याच चार-पाच महिन्यांत उरकायच्या दुसऱ्या कामांबद्दल. कुणी गाळपक्षमता वाढवतो आहे, कुणी डिस्टिलरी जोडतो आहे, कुणी वाफ वाचवायला जुन्या इव्हॅपोरेटरच्या जोडीला फॉलिंग फिल्म बॉडी उभी करतो आहे. या प्रत्येक कामात नवे यंत्र जुन्या कारखान्याच्या पोटात बसवायचे असते, आणि तो जुना कारखाना आज नेमका कसा उभा आहे याचे खरे माप बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नसते.

मी पाइपिंग डिझाइनमधला माणूस. विश्रांतवाडीत आमचे लहानसे ऑफिस आहे. कारखान्यांत जाऊन लेझर स्कॅनरने मापे घ्यायची आणि त्यांवरून डिझाइन करणाऱ्यांना लागणारी ड्रॉइंग व मॉडेल तयार करून द्यायची, हा आमचा व्यवसाय. तेव्हा या विषयात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगतो. काम आम्हाला द्या असे म्हणायला हे पत्र नाही. पुण्यात आणि पुण्याबाहेर हे काम नीट करणारे पुष्कळ आहेत, त्यांतल्या कुणालाही द्या. पण द्या, आणि वेळेवर द्या.

आपण ड्रॉइंग मागवले की काय हाती येते ते आपल्याला ठाऊक आहे. ड्रॉइंग ऑफिसच्या लोखंडी कपाटातून अमोनिया प्रिंटची गुंडाळी निघते. कडा फाटलेल्या, रेघा विरलेल्या, कोपऱ्यात मूळ यंत्रपुरवठादाराचे नाव. ते ड्रॉइंग खोटे नसते. कारखाना उभा राहिला त्या दिवसाचे ते असते, पुष्कळदा त्याच्याही आधीचे. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, तिच्यामागोमाग राज्यभर जे कारखाने निघाले त्यांचे तेव्हापासून काय काय झाले! १२५० टनांचा कारखाना २५०० टनांचा झाला, मग ५००० चा. एका मिल टँडमशेजारी दुसरे आले. २१ किलो दाबाचे बॉयलर होते तिथे कोजनसाठी ६७ आणि ८७ किलोचे आले. पॅन वाढले, ज्यूस हीटर वाढले, केबल ट्रे वाढले. प्रत्येक वेळी ठेकेदार वेगळा, सल्लागार वेगळा, आणि काम संपल्यावर ‘ॲज-बिल्ट’ म्हणून जे ड्रॉइंग सोपवले गेले ते बहुतेकदा कामाआधीचेच, फक्त शिक्का नवा. फोरमनने हंगामात रातोरात टाकलेली बायपास लाइन, मुकादमाने हादरे थांबवायला जोडलेला आधार, यांतले काहीच कागदावर येत नाही. मग नव्या कामाचे डिझाइन त्या गुंडाळीवरून होते, दोन माणसे टेप घेऊन बीमवर चढतात, काही मापे पडताळतात आणि उरलेल्याबद्दल एकच वाक्य ऐकू येते: साइटला बघू.

हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी इतके बसले आहे की त्याची किंमत कुणी मोजत नाही. एका कारखान्यातला प्रसंग सांगतो. नाव सांगण्याची गरज नाही, असे पुष्कळ ठिकाणी होते. नव्या इव्हॅपोरेटरकडे जाणारी मोठ्या व्यासाची व्हेपर लाइन वर्कशॉपमध्ये जुन्या जनरल अरेंजमेंटवरून तयार होऊन आली. चेन ब्लॉकवर उचलली, तर पॅन फ्लोअरखाली तिरपी अँगल ब्रेसिंग आडवी आली. ड्रॉइंगमध्ये ती नव्हती. अग्निप्रदीपनाला थोडे दिवस उरलेले. लाइनचा बेंड कापून मधे तिरका तुकडा घातला, उंचावर रात्रीचे वेल्डिंग झाले, तरी बसेना, तेव्हा गॅस कटरने ब्रेसिंगच कापली. ती कुणी आणि का बसवली होती हे विचारायला त्या वेळी तिथे जुने कुणी नव्हते. हंगाम सुरू झाल्यावर पॅन फ्लोअर जाणवेल इतका थरथरू लागला, तेव्हा कळले. आम्हाला बोलावले ते त्यानंतर. ट्रायपॉड लावून मजला स्कॅन केला, तेव्हा पडद्यावर ब्रेसिंगची कापलेली दोन टोके समोरासमोर स्पष्ट दिसत होती. हाच स्कॅन डिझाइनच्या आधी झाला असता, तर लाइन थोडी खालून वळवण्याचा निर्णय संगणकावरच झाला असता. कापाकापी, जादाचे वेल्डिंग, क्रेनचे थांबलेले तास, हंगामातली दुरुस्ती हे सगळे बिलांत ‘साइट मॉडिफिकेशन’ या एका शब्दाखाली गेले. तो पैसा ऊस घालणाऱ्या सभासदाचा होता.

स्कॅनर म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, तरी थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या विनंत्या त्यावर उभ्या आहेत. तिपाईवर ठेवलेले यंत्र लेझरचा किरण सोडते, समोरच्या पृष्ठभागावरून तो परत येतो, आणि त्या जाण्यायेण्यावरून अंतर निघते. दहा मीटरवरच्या खांबाला लागून किरण परत यायला सेकंदाचा सुमारे दीड कोटीवा भाग लागतो. काही यंत्रे वेळ मोजतात, काही परत आलेल्या लहरीतला फरक मोजतात. आतला आरसा वेगाने फिरतो, यंत्र स्वतःभोवती सावकाश वळते, आणि आजची चांगली यंत्रे सेकंदाला दहा-वीस लाख बिंदू टिपतात. एका जागी काही मिनिटे. मग यंत्र उचलून पुढे, कारण एका जागेवरून खांबामागचे दिसत नाही. सगळ्या जागांचे स्कॅन एकमेकांशी जुळवले की कारखान्याचा बिंदूंचा ढग तयार होतो. त्यात कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर ऑफिसात बसून काढता येते.

आपल्याकडे लेझर स्कॅनिंग म्हटले की लोकांना किल्ले, लेणी, मंदिरे आठवतात. गुजरातेत पाटणच्या राणी की वावचे स्कॅनिंग २०११ मध्ये झाले, तशा कामांची छायाचित्रे छापून येतात. ते काम मोलाचेच. पण ज्या बेन कासिरा यांच्या सायआर्क संस्थेचा त्या कामात हात होता, ते मूळचे मोसुलचे अभियंते. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात त्यांनी सायरा कंपनी काढून स्कॅनर बाजारात आणला, तो अभियंत्यांना उभ्या बांधकामाची आणि कारखान्यांची खरी मापे मिळावीत म्हणून. वारसास्थळे नंतर आली. हे हत्यार आपल्या कामासाठी घडले आहे, आणि आपणच ते वापरत नाही.

याहून खटकणारी गोष्ट मला रोज दिसते. संध्याकाळी विश्रांतवाडीच्या चौकात खराडीहून, विमाननगरहून, येरवड्याहून येणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या थांबतात. उतरणाऱ्यांत पाइपिंग डिझायनर पुष्कळ. कुणी धानोरीला राहतो, कुणी कळसला, कुणी टिंगरेनगरला. दिवसभर ही मुले-मुली आखातातल्या रिफायनऱ्यांचे आणि उत्तर समुद्रातल्या तेलफलाटांचे पॉइंट क्लाउड उघडून त्यांत नवी लाइन कुठून न्यायची ते ठरवत असतात. जो कारखाना त्यांनी कधी पाहिला नाही, पाहणारही नाहीत, त्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह त्यांना माहीत असतो. त्यांतले कित्येक जण सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगरकडचे. घरचा ऊस आपल्याच कारखान्याला जातो. आणि त्या कारखान्यात विस्ताराचे काम निघते तेव्हा मापे घ्यायला टेप आणि ओळंबा. हे कौशल्य पुण्यात आहे, यंत्रे पुण्यात आहेत, आपले साखर आयुक्तालय पुण्यात आहे, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट पुण्यात आहे. परदेशातून काहीही आणायचे नाही.

टेपला मी कमी लेखत नाही. जमिनीवरचे पंप फौंडेशन टेपने उत्तम मापता येते. पण आपल्या बॉइलिंग हाउसची रचनाच उंच आहे. बॅरोमेट्रिक कंडेन्सरच्या टेल पाइपमध्ये हवेच्या दाबाने पाणी १०.३ मीटरपर्यंत चढू शकते, म्हणून कंडेन्सर त्याहून वर बसवावा लागतो, आणि त्याच्याबरोबर व्हेपर लाइन, पॅन, प्लॅटफॉर्म सगळेच वर जाते. तिथे टेपचे एक टोक धरायला माणूस उघड्या बीमवरून चालत जातो. खाली चेकर्ड प्लेट, तीवर मळीचा चिकट थर, हंगामाच्या शेवटी गोडव्यावर जमलेल्या मधमाश्या. त्या माणसाने घेतलेले माप चुकले तर दोष त्याचा कसा म्हणायचा? स्कॅनर तेच माप खालून घेतो, आणि त्याच्यासोबत ते माप घ्यायचे सुचले नव्हते अशी हजारो मापेही घेतो.

सुरक्षिततेचा विषय निघाला म्हणून फ्लिक्सबरोची आठवण करून देतो. १ जून १९७४. इंग्लंडमधला कॅप्रोलॅक्टमचा कारखाना. उतरत्या पायऱ्यांसारख्या लावलेल्या सहा रिॲक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला, तेव्हा तो काढून चौथ्या आणि सहाव्याच्या मधे वीस इंची पाइपचा बायपास घातला. दोन्ही नोझलची उंची वेगळी, म्हणून पाइपला मधे वळसा द्यावा लागला. त्या पाइपचे ड्रॉइंग काय होते, तर वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेला पूर्ण आकाराचा आराखडा. वळशामुळे आणि दोन्ही टोकांच्या बेलोजमुळे पाइपवर कोणते बल येईल याची गणिते झाली नाहीत. पाइप निसटला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, २८ माणसे गेली. शनिवार होता म्हणून एवढीच. फरशीवरचा खडू आपल्या वर्कशॉपमध्येही आहे, आणि त्या खडूने बेंड अचूक काढणारे फिटर मी पाहिले आहेत; त्यांच्या कलेला माझा नमस्कार आहे. पण दोन नोझलच्या मधे काय जाणार हे ठरवायला आधी त्या नोझलची जागा, उंची आणि कल मोजलेला हवा, आणि मग गणित हवे. एक मीटर व्यासाची फ्लँज फक्त एका अंशाने कलली असेल, तरी तिच्या एका कडेला १७ मिलिमीटरची फट पडते. ती बोल्ट आवळून मिटवली तर ताण लाइनमध्ये राहतो. लाइन वाफेची असेल तर ती बॉयलरच्या नियमांत येते, तिचे ड्रॉइंग बाष्पके संचालनालयाकडून मंजूर झालेले असते, आणि साइटवर केलेला प्रत्येक बदल त्या मंजुरीच्या बाहेर जातो. हे आपल्याला मी सांगायला नको.

आता माझ्या विनंत्या.

सर्वांत मोठी विनंती वेळेची आहे. आम्हाला बोलावले जाते ते यंत्रांच्या ऑर्डरी गेल्यानंतर, कधी फौंडेशन ओतल्यानंतर. तेव्हा स्कॅनने एवढेच कळते की काय बसणार नाही. डीपीआर मंजूर झाला की लेआउट पक्का होण्याआधी स्कॅन करा. ऑफ सीझनमध्ये काम करायचे म्हणजे मापेही ऑफ सीझनमध्येच घ्यायची, असे नाही. हंगाम चालू असताना बरेच काही मापता येते. मिल हाउसचे हादरे, उडणारा बगॅस आणि वाफ यांचा त्रास होतो, पण पाइप रॅक, बॉयलरच्या बाहेरचे स्ट्रक्चर, यार्ड, टाक्या हे सगळे जानेवारी-फेब्रुवारीत होऊ शकते. पॅन फ्लोअरसारखी जागा गाळप संपल्यावर लगेच, लॅगिंग काढण्याआधी आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा. इथेनॉलच्या मागे लागून गेली काही वर्षे सगळ्यांचीच धावपळ झाली हे मी समजू शकतो. २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य केंद्राने २०३० वरून २०२५-२६ वर आणले, कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आले. इतक्या अनिश्चिततेत काम करणाऱ्यांना आणखी एक टप्पा वाढवा म्हणताना मला संकोच वाटतो. पण घाईत सगळ्यांत महाग पडते ते दुसऱ्यांदा केलेले काम.

दुसरे, गरम आणि थंड यांचा हिशेब. पोलाद १०० अंशांनी तापले की दर दहा मीटरला सुमारे १२ मिलिमीटर वाढते. ८७ किलोच्या बॉयलरची वाफ ५१५ अंशांची असते. तीस मीटरची मुख्य स्टीम लाइन तापल्यावर पंधरा सेंटीमीटरहून अधिक लांबते. मोठे बॉयलर वरून टांगलेले असतात, तापले की खाली वाढतात. म्हणून हंगामात घेतलेला स्कॅन आणि जूनमध्ये घेतलेला स्कॅन यांतली लाइन एकाच जागी नसते, आणि दोन्ही स्कॅन बरोबर असतात. कोणता कोणत्या स्थितीतला हे फाइलवर लिहिलेले नसेल, तर डिझायनर फसतो. शक्य असेल तिथे दोन्ही घ्या. स्प्रिंग हँगर तापल्यावर नेमके कुठे जातात हे कळायला याच्याइतका सोपा मार्ग नाही.

तिसरी गोष्ट कारखान्याच्या शून्याची. मिल हाउसचा ±०.००० एका ठेकेदाराने धरलेला, कोजनचा दुसऱ्याने, डिस्टिलरीचा तिसऱ्याने. एके ठिकाणी दोन शून्यांत पाव मीटरचा फरक आम्हाला सापडला, आणि दोन्ही बाजूंची ड्रॉइंग आपापल्या जागी निर्दोष होती. अशा दोन बाजूंना जोडणारी लाइन कागदावर सरळ आणि साइटवर तिरकी होते. संपूर्ण आवारासाठी एक बेंचमार्क ठरवा. पक्क्या खांबांवर, ज्यांना कुणी रंग देणार नाही किंवा हलवणार नाही अशा ठिकाणी कंट्रोल पॉइंट बसवा, टोटल स्टेशनने त्यांची मापे काढून ठेवा आणि पुढचा प्रत्येक स्कॅन, प्रत्येक ठेकेदार त्यांनाच जोडून घ्या. खर्च म्हणावा तर काहीच नाही. उपयोग मात्र पुढची कित्येक वर्षे.

निविदेबद्दल स्पष्ट बोलतो. ‘संपूर्ण कारखान्याचे थ्रीडी स्कॅनिंग, अचूकता १ मि.मी., एकरकमी दर’ अशी ओळ टाकली की सर्वांत कमी दराचा माणूस येतो, होकार देतो आणि काहीतरी देऊन जातो. १ मिलिमीटर कशाचा? एका बिंदूचा, की शंभर ठिकाणचे स्कॅन जुळवल्यानंतर कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा? नवी लाइन कुठून जाईल हे बघायला दहा मिलिमीटरही चालतात. जुन्या फ्लँजला नवा स्पूल जोडायचा असेल तर मात्र त्या एका फ्लँजसाठी मिलिमीटर हवेत, आणि तिथे बोल्टची भोके टोटल स्टेशनने वेगळी मापून घेणे शहाणपणाचे. म्हणून काम कशासाठी हवे ते निविदेत लिहा. टाय-इनसाठी, स्ट्रक्चर तपासण्यासाठी, क्रेनचा मार्ग ठरवण्यासाठी, की मळीच्या टाकीचा फुगवटा आणि बसलेली बाजू बघण्यासाठी. प्रत्येकाला स्कॅनची दाटी वेगळी, जुळवणी वेगळी, पडताळणी वेगळी. बिंदूंचा ढग हवा की त्यावरून केलेले मॉडेल, हेही सांगा. ढग थोड्या दिवसांत होतो, मॉडेलला पुष्कळ माणूस-तास लागतात, आणि पुष्कळदा मॉडेलची गरजच नसते. वार्षिक सभेत पडद्यावर फिरवायला रंगीत मॉडेल मागवले जाते, टाळ्या पडतात आणि ते पुन्हा कधी उघडले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. सभासदांना कारखाना दाखवावा, जरूर दाखवावा. पण त्याच खर्चात डिझाइनला उपयोगी माहिती मिळत असताना ती सोडू नये.

आणि स्कॅनरला काय दिसत नाही, हेही ठेकेदाराकडून लेखी घ्या. त्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. लॅगिंग असेल तर वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा दिसतो, आतला पाइप नाही; आणि तो पत्रा चकचकीत असेल तर बिंदू विखुरतात. पाइपची जाडी किती उरली आहे, आत काय वाहते, व्हॉल्व्ह अडकलेला आहे का, यांतले काही त्याला कळत नाही. जाडीसाठी अल्ट्रासोनिक तपासणीच हवी. जमिनीखालचे तर अजिबात नाही. डिस्टिलरीत आणखी एक काळजी घ्या: साधे स्कॅनर स्फोटक वाफेच्या जागेसाठी प्रमाणित नसतात. स्पिरिटच्या टाक्यांजवळ, कॉलमजवळ ते न्यायचे तर गॅस टेस्ट आणि परमिट याशिवाय नेऊ देऊ नका. एखादा ठेकेदार म्हणाला की लेझर डोळ्यांना सुरक्षित आहे, तर ते खरे आहे. पण प्रश्न डोळ्यांचा नाही, यंत्रातल्या बॅटरीचा आणि मोटरचा आहे.

काम झाल्यावर हार्ड डिस्क चीफ इंजिनिअरांच्या टेबलाच्या खणात जाते आणि तिथेच राहते, हे मी फार ठिकाणी पाहिले आहे. माहिती कारखान्याच्या मालकीची आहे, हे करारात लिहून घ्या. कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटसोबत ‘ई५७’ या सर्वसामान्य फॉरमॅटमध्येही मागा, म्हणजे पाच वर्षांनी दुसऱ्या सल्लागाराला ती उघडता येईल. दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. ड्रॉइंग ऑफिसातल्या एखाद्या तरुण अभियंत्याला हा ढग उघडून माप काढायला शिकवा. फुकट मिळणाऱ्या व्ह्यूअरवर ते थोड्याच दिवसांत शिकता येते. आणि दरवर्षी अग्निप्रदीपनाच्या आधी, त्या ऑफ सीझनमध्ये जिथे बदल झाला तेवढाच भाग पुन्हा स्कॅन करून जुन्यात जोडा. वर्षातले एक-दोन दिवस. हे केले नाही, तर आजचा स्कॅन दहा वर्षांनी त्या अमोनिया प्रिंटच्या पंक्तीत जाऊन बसेल.

साखर आयुक्त कार्यालयाला आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटलाही याच पत्रातून विनंती आहे. विस्ताराच्या प्रकल्प अहवालात सध्याच्या कारखान्याची मापे कशी आणि कधी घेतली, ही एक ओळ सक्तीची करा. साखर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एखाद्या कारखान्याचा पॉइंट क्लाउड हाताळायला मिळू द्या. त्यांच्यातूनच उद्याचे चीफ इंजिनिअर होणार आहेत. एखादा कारखाना पुढे येऊन आपला स्कॅन शिक्षणासाठी देणार असेल, तर त्याची जुळवणी आम्ही मोबदला न घेता करून देऊ.

शेवटची विनंती स्कॅनरची नाही, माणसांची आहे. जमिनीखालून कोणती लाइन जाते, कोणता आधार कोणत्या हंगामात का बसवला, पॅन फ्लोअरचा कोणता खांब पहिल्यापासूनच बाहेर झुकला आहे, हे आपल्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या फोरमनला, ड्राफ्ट्समनला, जुन्या फिटरला माहीत आहे. ते बहुतेक कारखान्याच्या आसपासच्याच गावांत राहतात. स्कॅन झाल्यावर त्यांना मानाने बोलवा, पडद्यासमोर बसवा, ते बोट दाखवतील तिथे खूण करून त्यांचे शब्द लिहून घ्या. त्यांना त्या दिवसाचा मोबदला द्या, जायला-यायला गाडी पाठवा. हे काम या ऑफ सीझनमध्येच करा. बाकी सगळे पुढच्या वर्षी ढकलता येईल, हे येणार नाही.



आपला नम्र,
एक पाइपिंग अभियंता
विश्रांतवाडी, पुणे ४११०१५